लिंगपुष्टी शस्त्रक्रियेनंतर: पहिल्या रात्रीपासून पहिल्या वर्षापर्यंत

बाराव्या दिवशी सकाळी मी पलंगावर उशांना टेकून, हातात छोटा आरसा धरून बसले होते. नव्या योनीच्या खालच्या टोकाला, जिथे टाके एकत्र येतात तिथे, नखाएवढी फट पडली होती आणि आत पिवळसर ओलं काहीतरी दिसत होतं. सगळं उसवलं, असंच मी धरून चालले. फोन लावला तर पलीकडच्या नर्सने शांतपणे चार प्रश्न विचारले. ताप आहे का? घाण वास येतोय का? भोवतीची लाली कालपेक्षा पसरली आहे का? रक्त किती? चारही उत्तरं ठीक होती. 'फोटो पाठवा, जागा स्वच्छ ठेवा, डायलेशन चालू ठेवा,' एवढंच ती म्हणाली. डायलेशन म्हणजे नवी योनी आकसू नये म्हणून ठरावीक वेळ आत डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी ठेवणं. फट भरायला पाच आठवडे लागले, पण आपोआप भरली.

पुढे इतरांच्या सोबतीला म्हणून मी बऱ्याच वेळा बसले, आणि प्रत्येक वेळी तेच चार प्रश्न उपयोगी पडले. ट्रान्स माणसांचं शरीर त्यांच्या लिंगओळखीशी जुळवणाऱ्या या शस्त्रक्रियांनंतर काहीच बिनसत नाही असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बहुतेक गोष्टी किरकोळ असतात आणि वेळेवर कळवल्या तर किरकोळच राहतात. लोक अडकतात ते दोन ठिकाणी: घाबरून भलतंच करून बसतात, नाहीतर लाजून गप्प राहतात. हा लेख त्या दोन्हींसाठी आहे. तुमच्या सर्जनने दिलेल्या सूचना यापेक्षा वेगळ्या असतील तर त्याच पाळा, कारण आत नेमकं काय शिवलं आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

घरी जाण्याआधी काय मागून घ्यायचं

डिस्चार्जच्या कागदावर बऱ्याचदा दोन ओळी असतात. तेवढ्यावर समाधान मानू नका, ऑपरेशनची पूर्ण नोंद मागा. कोणती पद्धत वापरली, हे त्यात असायला हवं: शिश्नाची त्वचा आत वळवून, पोटाच्या आतलं अस्तर म्हणजे पेरिटोनियम वापरून, की मोठ्या आतड्याचा तुकडा घेऊन. ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत फ्लॅप, म्हणजे शिश्न घडवायला रक्तवाहिन्यांसह उचललेला त्वचेचा तुकडा, हाताचा की मांडीचा, मूत्रमार्ग लांबवला का, योनी काढली का, हे हवं. काय काढलं याच्याइतकंच काय ठेवलं हेही महत्त्वाचं आहे. प्रोस्टेट जवळपास नेहमीच जागेवर ठेवतात. गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड किंवा बीजकोश आहेत की नाहीत, हे दहा वर्षांनी एखादा अनोळखी डॉक्टर विचारणार आहे.

याशिवाय चार गोष्टी लिहून घ्या: पॅकिंग (नव्या योनीत भरलेला गॉज) आणि कॅथेटर (लघवीची नळी) कधी काढायचा, हॉर्मोन कधी सुरू करायचे, रक्त पातळ करणारं औषध किती दिवस घ्यायचं, आणि रात्री अडीच वाजता कोणत्या नंबरवर फोन उचलला जातो. शेवटच्याचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर तिथेच थांबून पुन्हा विचारा. सर्जन लांबच्या गावी असेल तर आपल्या घराजवळचा एक डॉक्टर आधीच गाठून, त्याला सगळं सांगून ठेवलेलं बरं. ताप चढल्यावर डॉक्टर शोधत फिरायचं त्राण कुणातच नसतं.

एक साधी वही

मोबाईलमधली अ‍ॅपं ठीक आहेत, पण मी वहीच्या बाजूची आहे. ती डॉक्टरच्या टेबलावर उघडून ठेवता येते. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान, दिवसाला किती पॅड लागले आणि रक्ताचा रंग काय, लघवीची धार कशी होती, शौचाला झालं का, दुखणं दहापैकी किती. डायलेशन सुरू झालं की डायलेटरचा साइज, त्यावरच्या खोली मोजायच्या किती ठिपक्यांपर्यंत तो आत गेला आणि किती मिनिटं. आठवड्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो. रोज बघून सूज कमी झालेली कळत नाही. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की कळते.

पहिले दोन आठवडे

व्हजायनोप्लास्टीत, म्हणजे योनी तयार करण्याच्या शस्त्रक्रियेत, पॅकिंग आणि कॅथेटर साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास निघतात. पॅकिंग निघताना विचित्र वाटतं, जादूगार रुमालामागून रुमाल काढतो तसं. कॅथेटर काढल्यावर चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी. ओटीपोट तटतटलं आहे आणि थेंबही येत नाही असं असेल तर घरी वाट बघायची नाही. सुजेमुळे अडलेली लघवी पुन्हा काही दिवस कॅथेटर टाकून सुटते, पण मूत्राशय फार ताणला गेला तर त्याची ताकद परत यायला वेळ लागतो.

सूज भरपूर येते आणि एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजू शकते. ही सूज सहा ते आठ आठवडे रेंगाळते, आणि खरा आकार कळायला सहा महिने ते वर्ष लागतं. पण एकच बाजू तासागणिक फुगते, दगडासारखी कडक होते, जांभळी पडते आणि दुखणं गोळ्यांना जुमानत नाही, असं झालं तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. ते त्याच दिवशी दाखवायचं.

पॅडवर थोडं रक्त, तपकिरी किंवा पिवळसर पाणी पहिले काही आठवडे येतंच. एखाद्या टाक्याच्या जागेतून ताजं रक्त आलं तर स्वच्छ गॉज ठेवून, आडवं पडून, सलग पंधरा मिनिटं दाबून धरा. थांबलं का ते बघायला दर मिनिटाला गॉज उचलला की बसलेली गुठळी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. एवढं करूनही थांबलं नाही तर दवाखाना.

शौचाची बाब लोक हसण्यावारी नेतात. वेदनाशामकांतली अफूच्या जातीची औषधं आतडी सुस्त करतात, त्यात दिवसभर आडवं पडणं आणि भीतीपोटी कमी खाणं. मग चौथ्या दिवशी कुंथावं लागतं आणि ताण थेट टाक्यांवर येतो. मल मऊ करणारं औषध पहिल्या दिवसापासून घ्या, पाणी भरपूर प्या आणि दुखणं परवडेल तशी ती तीव्र औषधं कमी करत न्या. आतड्याचा तुकडा वापरला असेल तर शौचाचं कोणतंही औषध सर्जनला विचारूनच घ्या.

दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चाला. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहा. हे व्यायामासाठी नसून पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतं. ऑपरेशनच्या वेळी पाय तासन्‌तास उचलून बांधलेले असतात, त्यामुळे पावलाला मुंग्या येणं किंवा नडगीचा भाग बधिर वाटणं काहींना होतं. बहुधा ते ओसरतं, पण पाऊल वर उचलताच येत नसेल तर लगेच सांगा.

या गोष्टींना सकाळपर्यंत थांबायचं नाही

- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतकं रक्त, किंवा दाबूनही न थांबणारं.
- एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. अचानक धाप लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त.
- ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, विशेषतः थंडी वाजून.
- लघवी अडणं.
- योनीतून शौच किंवा शौचाच्या वासाचा वायू येणं.
- त्वचेवर झपाट्याने पसरणारी लाली, बोट दाबलं की चरचर जाणवणं, किंवा दिसतं त्याच्या मानाने दुखणं कितीतरी जास्त असणं.
- फॅलोप्लास्टीनंतर, म्हणजे शिश्न घडवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, फ्लॅपचा रंग बदलणं. त्याचं पुढे सविस्तर आहे.

रात्रपाळीच्या डॉक्टरने अशी शस्त्रक्रिया कधी पाहिली नसण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे दारातच सांगायचं वाक्य पाठ करून ठेवा: 'तीन आठवड्यांपूर्वी माझी योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. गर्भाशय नाही, प्रोस्टेट आहे. आज सकाळपासून हे होतंय. हा ऑपरेशनचा कागद आणि हा सर्जनचा नंबर.' वीस सेकंदांत होतं. लाजत, आडवळणाने सांगत बसलं की अर्धा तास जातो आणि तपासणी भलत्याच दिशेने सुरू होते.

टाके उसवणं आणि लाल मांस

मला दिसली तशी फट ही व्हजायनोप्लास्टीनंतरची अगदी नेहमीची तक्रार. योनीच्या खालच्या काठावर ताण सर्वाधिक असतो आणि रक्तपुरवठा तितकासा नसतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथली कड सुटते. नवखा माणूस म्हणतो, पुन्हा शिवा. सर्जन शिवत नाहीत, कारण तिथली त्वचा नाजूक झालेली असते आणि जंतू आत कोंडले जाण्याची भीती असते. जखम तळापासून वर भरत येते. तळाशी दिसणारा पिवळसर ओला थर दर वेळी पू नसतो. बरी होणारी जखम असा थर धरते. खरडून काढायला जाऊ नका. वास, ताप आणि पसरणारी लाली ही जंतुसंसर्गाची लक्षणं वेगळी.

कड काळी पडून वाळली तर तेवढा भाग रक्ताअभावी मेला असं समजायचं. छोटा असेल तर आपसूक सुटून पडतो आणि खालून नवी त्वचा येते. मोठा असेल तर सर्जनने पाहायलाच हवा. इथे तंबाखूबद्दल बोलावंच लागेल. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं, आणि ही सगळी शस्त्रक्रिया बारीक रक्तवाहिन्यांच्या भरवशावर उभी असते. सिगारेट, तंबाखू, व्हेप, निकोटिनची गोळी यांत फरक करू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणखी एक पाहुणा येतो: ग्रॅन्युलेशन. जखम भरताना शरीर जरा जास्तच उत्साह दाखवतं आणि लालभडक, ओलसर, स्पर्शालाही रक्त देणारं मांस वाढवून ठेवतं. डायलेटरवर रक्ताची रेघ, पिवळट स्राव, एका ठरावीक जागी चुरचुर, अशी ओळख पटते. बाह्यरुग्ण विभागात सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून ते जाळतात. किंचित झोंबतं, दोन दिवस राखाडी स्राव येतो आणि बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्या लागतात. या रक्ताला घाबरून डायलेशन बंद करणं ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडलेली चूक.

डायलेशन

कान टोचल्यावर पहिल्या काही महिन्यांत बाळी काढून ठेवली तर भोक बुजतं. इथेही शरीराचा तोच स्वभाव आहे, फक्त जागा मोठी. आत लावलेली त्वचा भरताना आकसते आणि पहिल्या काही महिन्यांत हे आकसणं सर्वाधिक असतं. म्हणून सुरुवातीचं वेळापत्रक इतकं जाचक असतं. बहुतेक केंद्रांत पहिले तीन महिने दिवसातून दोन-तीन वेळा, मग हळूहळू कमी करत वर्षाच्या शेवटी दिवसाआड किंवा आठवड्यातून काही वेळा, आणि त्यानंतर आयुष्यभर आठवड्यातून एखाद-दुसरी खेप, असा ढोबळ क्रम असतो. खोली न ठेवता फक्त बाहेरची रचना केली असेल तर डायलेशन लागतच नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी लघवी आणि शौच उरकून घ्या. मागे गुदाशय भरलेला असेल तर आतली जागा तेवढीच अरुंद होते.

२. हात आणि डायलेटर साबणाने धुवा, नीट खळबळून साबण काढा. पाण्यावर आधारित जेल सढळ लावा, डायलेटरच्या टोकाला आणि योनीच्या तोंडालाही. सिलिकॉनच्या डायलेटरवर सिलिकॉनचं जेल लावलं तर डायलेटर खराब होतो.

३. पाठीवर अर्धवट टेकून, गुडघे वाकवून, मांड्या बाजूला सैल सोडा. गुडघ्यांखाली उशा घेतल्या तर मांड्या थरथरत नाहीत.

४. नवी योनी सरळ आत जात नाही. आधी जघनाच्या हाडाखालून जरा खालच्या बाजूला, आणि हाड ओलांडलं की जमिनीशी समांतर. तुमचा नेमका कोन पहिल्या खेपेला सर्जनकडून किंवा नर्सकडून स्वतःच्या हाताने शिकून घ्या. मागची भिंत गुदाशयाला खेटून असते, त्यामुळे चुकीच्या कोनात जोर लावणं खरोखर धोक्याचं आहे.

५. श्वास सोडताना सरकवा, घेताना थांबा. अडलं तर ढकलू नका. तिथेच धरून चार-पाच लांब श्वास घ्या.

६. तळाला टेकल्यावर सौम्य, स्थिर दाब ठेवा. किती मिनिटं ते सर्जन सांगतील. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान काहीही असू शकतं.

७. बाहेर काढल्यावर किती ठिपके आत होते ते वहीत लिहा.

आत दोन प्रकारचं घट्टपण जाणवतं आणि ते ओळखता येणं फार उपयोगाचं आहे. तोंडापासून थोडं आत एक कडं आवळल्यासारखं वाटतं आणि श्वासाबरोबर सैल पडतं, ते स्नायूंचं. ऑपरेशनमध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंतूनच वाट काढलेली असते आणि ते स्नायू भीतीने आवळतात. त्याला पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी फार गुण देते. दुसरं घट्टपण श्वासाला दाद देत नाही, रोज त्याच जागी असतं आणि वहीतले ठिपके आठवड्यागणिक कमी होत जातात. तो व्रण आवळतोय. अशा वेळी एक साइज खाली या, वेळ वाढवा आणि आठवड्याच्या आत सर्जनला दाखवा. लवकर पकडलं तर भूल देऊन ताणता येतं. खोली पूर्ण गेल्यावर मात्र पेरिटोनियम किंवा आतडं वापरून नव्याने शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रवास, ताप, घरी पाहुणे, कंटाळा, यांमुळे दोन-तीन खेपा चुकतातच. चुकल्या म्हणून दुप्पट जोर लावू नका. लहान साइजने सुरुवात करून त्याच बैठकीत वर चढा. एकदम झटका आणि ताजं लाल रक्त आलं तर तिथेच थांबा आणि फोन करा.

धुण्याबद्दल: आत साबण कधीच नाही. सर्जनने परवानगी दिल्यावर कोमट पाण्याने आत धुता येतं, तेही ते सांगतील तितक्याच वेळा. पहिल्या काही महिन्यांत येणारा वास बहुधा साचलेल्या जेलचा आणि मृत पेशींचा असतो. त्वचेच्या योनीतली जंतूंची वस्ती जन्मजात योनीपेक्षा वेगळी असते, म्हणून दुकानातून बुरशीची क्रीम आणून स्वतःच उपचार करण्यात अर्थ नाही. वास, खाज, हिरवट स्राव टिकून राहिला तर डॉक्टरांनी छोट्या स्पेक्युलमने, म्हणजे योनी उघडून धरणाऱ्या उपकरणाने, आत बघायला हवं. कधी कारण ग्रॅन्युलेशन निघतं, कधी आत राहिलेले केस. आतड्याची योनी असेल तर चिकट स्राव कायमचाच असतो, पण त्यात रक्त येऊ लागलं तर आतड्याच्या अस्तराला सूज आहे का हे तपासावं लागतं.

संभोग साधारण तीन महिन्यांनंतर, सर्जनने तपासून हो म्हटल्यावर. संभोग झाला म्हणून डायलेशन झालं असं सुरुवातीच्या वर्षात धरू नका.

लघवी आणि फिस्टुला

नव्या मूत्रमार्गातून धार सुरुवातीला कुठेही उडते. वर, मांडीवर, कधी दोन दिशांना. सूज उतरली की बहुतेकांची सरळ होते. धार पुढच्या महिन्यांत बारीक बारीक होत गेली, जोर करावा लागला, तर तोंड आकुंचन पावलं असेल. ते छोट्या प्रक्रियेने मोकळं करता येतं. मूत्रमार्ग आता आखूड आहे, म्हणून पुसताना पुढून मागे आणि संभोगानंतर लघवी.

गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये वाट तयार होणं, म्हणजे फिस्टुला, ही या शस्त्रक्रियेतली लोकांना सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट. ती क्वचित होते, अनुभवी केंद्रांत शंभरात एक-दोघांना. सुरुवात बहुधा योनीतून वायू सरकल्याच्या भावनेने होते. डायलेशननंतर आत अडकलेली हवाही तशीच बाहेर येते, त्यामुळे एकदा झालं म्हणून धसका घेऊ नका. वास किंवा मळाचा अंश दिसला तर मात्र डायलेशन थांबवा आणि त्याच दिवशी सर्जनला गाठा. डायलेशन स्वतःहून थांबवावं अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक. अगदी लहान वाट कधी हलका आहार आणि विश्रांतीने मिटते, मोठीला शस्त्रक्रिया लागते आणि काही काळ पोटावरून शौचाची वाट काढावी लागू शकते.

फॅलोप्लास्टी आणि मेटॉइडिओप्लास्टी

हाताच्या पुढच्या भागाची त्वचा, तिच्या रक्तवाहिन्या आणि नसा यांसह उचलून शिश्न घडवण्याची पद्धत चँग आणि ह्वांग यांनी १९८४ मध्ये मांडली. आजही ती सर्वाधिक वापरली जाणाऱ्या पद्धतींपैकी आहे. इथे पहिल्या तीन दिवसांचं सगळं लक्ष एकाच प्रश्नावर असतं: जोडलेल्या रक्तवाहिन्या वाहत्या आहेत का. नर्स तासातासाला येऊन रंग बघते, उष्णता बघते, बोटाने दाबून सोडते. दाबलेला पांढरा ठिपका दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. पांढराफटक आणि गार पडला तर रक्त आत येत नाही. निळा-जांभळा, फुगीर, आणि दाबून सोडल्यावर क्षणार्धात रंग परतणारा असेल तर रक्त बाहेर जात नाही. दोन्हींत तासांचा प्रश्न असतो, कधी पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागतं. घरी आल्यावरही फ्लॅप गॉजच्या उशीवर वर टेकवून ठेवायचा, घट्ट चड्डी नाही, कंबरेतून पूर्ण वाकून बसणं नाही, आणि सर्जन म्हणेपर्यंत चहा-कॉफीही नाही.

यानंतरची खरी लढाई मूत्रमार्गाची. उभं राहून लघवी करता यावी म्हणून मूत्रमार्ग लांबवला असेल तर गळती किंवा अरुंदपणा, यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता इतकी मोठी आहे की तिला अपवाद म्हणण्यात अर्थ नाही. ऑपरेशनआधीच मनाची तयारी हवी की कदाचित आणखी एखादी शस्त्रक्रिया लागेल. हे न सांगता पाठवलेल्या माणसाला पहिली गळती दिसली की सगळं फसलं असं वाटतं.

गळती बहुधा जुना आणि नवा मूत्रमार्ग जिथे जुळतात तिथे, खालच्या बाजूला होते. लघवी करताना मुळाशी ओल, अंडकोशावरून ओघळ. करायचं काय? सर्जनला कळवा, जागा कोरडी ठेवा, पॅड लावा, भोवतीच्या त्वचेला झिंक ऑक्साइडचं मलम लावा. ओटीपोटातून घातलेला कॅथेटर अजून असेल तर तो आणखी काही आठवडे ठेवून लघवी तिकडून वळवतात. लहान गळत्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्वतःहून बंद होतात. न झालेल्या शिवायच्या, पण घाई नाही. मांस मऊ पडेपर्यंत, म्हणजे काही महिने, सर्जन मुद्दाम थांबतात.

गळती बंद होत नाही तेव्हा पुढे कुठे अरुंद झालंय का, हे बघावंच लागतं. नळ पुढे तुंबला तर मागचा सांधा गळणारच, वरून कितीही लेप लावा. अरुंदपणाची लक्षणं हळूहळू येतात: लघवी सुरू व्हायला वेळ, बारीक धार, जोर, वारंवार जंतुसंसर्ग. धारेचा वेग मोजणारी तपासणी, लघवीनंतर आत किती उरली याची सोनोग्राफी आणि रंगद्रव्य सोडून काढलेला मूत्रमार्गाचा एक्स-रे, यांतून जागा सापडते.

आता एक गोष्ट ठळक अक्षरात. लघवी पूर्ण अडली आणि इमर्जन्सीत जावं लागलं तर कुणालाही नेहमीचा कॅथेटर जोराने आत घालू देऊ नका. सांगा: 'माझा मूत्रमार्ग शस्त्रक्रियेने तयार केलेला आहे. युरॉलॉजिस्टला बोलवा.' आंधळेपणाने घातलेला कॅथेटर नव्या मूत्रमार्गात खोटी वाट पाडू शकतो. गरज पडली तर ओटीपोटातून सुईने वाट काढून मूत्राशय रिकामा करता येतो आणि तो जास्त सुरक्षित मार्ग असतो.

लघवी झाल्यावर चड्डीत थेंब पडणं मात्र जवळपास सगळ्यांनाच असतं. नव्या मूत्रमार्गाभोवती पिळून काढणारा स्नायू नाही. अंडकोशामागून टोकाकडे बोटाने हलकेच निपटून घ्यायची सवय लावा. योनी काढताना अस्तराचा तुकडा मागे राहिला तर त्यात द्रव साचतो: ओटीपोटात जडपणा, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, थेंबाथेंबाची गळ. अशी तक्रार असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआयचा विषय आपणच काढा.

हाताची जागा लोक विसरतात. तिथे मांडीची पातळ त्वचा लावलेली असते आणि पहिलं ड्रेसिंग पाच-सात दिवस हलवायचं नसतं. त्यानंतर बोटं हलवणं सुरू, नाहीतर मनगट आखडतं. जखम पूर्ण मिटल्यावर व्रणाला मालिश, सिलिकॉनची पट्टी, वर्षभर उन्हापासून आडोसा. अंगठ्याच्या मागची बधिरता काहींची राहते.

ताठरतेसाठीचा इम्प्लांट टोकापर्यंत स्पर्श कळू लागल्यावरच बसवतात, साधारण नऊ महिने ते वर्षाने. स्पर्शच नसेल तर इम्प्लांट आतून त्वचा घासतोय हे कळणार कसं? बसवल्यानंतर लाली, वाढतं दुखणं, पंप त्वचेला चिकटल्यासारखा वाटणं, ही जंतुसंसर्गाची खूण. बहुधा इम्प्लांट काढावाच लागतो.

मेटॉइडिओप्लास्टीत, म्हणजे हॉर्मोनने वाढलेल्या भगशिश्नातूनच छोटं शिश्न घडवण्यात, त्रासांची यादी अशीच, पण आटोपशीर. रक्तवाहिन्या जोडायच्या नसल्याने फ्लॅपची काळजी नसते. मूत्रमार्ग लांबवला असेल तर वरचं सगळं लागू.

हॉर्मोन आणि पुढची वर्षं

वृषणं काढल्यावर टेस्टोस्टेरॉन अडवणारी औषधं, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन, यांची गरज संपते. ती सवयीने चालू ठेवलेले लोक मी पाहिले आहेत. उलट, 'आता ऑपरेशन झालं' म्हणून इस्ट्रोजेनही सोडणं ही गंभीर चूक आहे. शरीरात दोन्हींपैकी कुठलंच हॉर्मोन नसेल तर हाडं ठिसूळ होत जातात. बीजकोश काढलेल्या ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉनबाबत हेच लागू.

प्रोस्टेट आयुष्यभर सोबत राहतो. योनीच्या पुढच्या भिंतीतून तो बोटाला लागतो आणि तपासणीही तिथूनच होऊ शकते. इस्ट्रोजेनवर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा मुळातच खाली असतो, म्हणून अहवालावर छापलेली 'नॉर्मल'ची कमाल मर्यादा तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही, हे डॉक्टरला सांगावं लागतं. गर्भाशयाचं तोंड ज्यांचं अजून आहे त्यांची त्यासाठीची नियमित तपासणी चालू राहते, कागदपत्रांवर लिंग काहीही लिहिलेलं असो. लैंगिक संसर्गाच्या तपासण्या ज्याच्या त्याच्या आयुष्याप्रमाणे.

सर्जनकडच्या फेऱ्या साधारण पहिला आठवडा, महिना, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष अशा ठेवतात. तीन महिन्यांची फेरी चुकवू नका, कारण ग्रॅन्युलेशन आणि अरुंदपणा तिथेच पकडला जातो.

मन, आणि विजेचे झटके

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बऱ्याच जणांना एक खड्डा लागतो. झोप तुटलेली, प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याचा हात, हॉर्मोनमध्ये खंड, आणि आरशात अजून सुजलेलंच काहीतरी. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात रडू येतंय म्हणजे आपण चुकलो, असा अर्थ लोक काढतात. मीही काढला होता. तोही बरं होण्याचाच भाग आहे, आणि आधीपासून सांगून ठेवलेला एक माणूस रोज फोन करत असेल तर त्यातून निभावता येतं. खड्डा महिन्यापेक्षा लांबला किंवा जगणं नको वाटू लागलं तर मात्र सर्जनच्या तारखेची वाट न बघता लगेच मानसोपचारतज्ज्ञ किंवा इमर्जन्सी.

संवेदना परतताना आधी मुंग्या येतात, मग मध्येच विजेचा झटका. नसा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे फॅलोप्लास्टीत मुळापासून टोकापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष जातं. झटके आले की मी वहीत फक्त एक रेघ मारायचे. चौथ्या महिन्याच्या पानांवर रेघाच रेघा आहेत, अकराव्या महिन्यात एकही नाही. मागच्या वर्षी नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तीच वही पुढे केली. त्यांनी पहिलं पान वाचलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, 'हे ठिपके म्हणजे काय?'